पहिल्या शीटचा नवरदेव

माझ्या नवऱ्याला लग्नासाठी स्थळं येऊ लागली, तेव्हा आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती.

ती स्थळं मीच आणली. (हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणाला धक्का बसायला नको.) माझं नाव सुनंदा. सासर सिहोऱ्याजवळचं. नवरा प्रमोद भंडाऱ्याला एका सरकारी कार्यालयात बाबू, आणि मी तुमसरच्या एका राइस मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. मिलमध्ये आलेल्या धानाची माहिती रोज एका वेबसाइटवर भरावी लागते. ती वेबसाइट अशी की नाव टाका, पासवर्ड टाका, चहाचा घोट घ्यायला मान वळवली की पुन्हा नाव टाका! शेवटी मी चिडले, आणि व्हिडिओ पाहून पाहून एक्सेलमध्ये मॅक्रो लिहायला शिकले. मॅक्रो म्हणजे काय, तर एक्सेलला एकदाच सगळं काम नीट लिहून द्यायचं. मग बटण दाबलं की ते आपलं आपण ब्राउझर उघडतं, नाव टाकतं, पासवर्ड टाकतं, रकाने भरतं, आणि आपण हाताची घडी घालून बसायचं.

मालक पाहायला आले. डोळे विस्फारून म्हणाले, "सुनंदाबाई, तुमच्या हातात जादू हाये बावा!"

ते ऐकून माझं डोकं जे आभाळात गेलं, ते दिवाळी होऊन गावची मंडई, म्हणजे आमची जत्रा, येईपर्यंत खाली उतरलं नाही.

घरी आमच्या सगळ्यांच्या जिवाला एकच घोर होता, गजूचा. गजू माझा धाकटा देवर. बी.ए. झालेला, बोलायला गोड, कामाला वाघ. तंबाखू-सुपारीचा खर्रासुद्धा खात नाही. (आमच्या भागात खर्रा न खाणारा पोरगा म्हणजे लोकांना बोलावून दाखवावा असा!) घरची सगळी शेती तोच पाहतो. पण मुलगी पाहायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला.

"पोरगा काय करते?"

"शेती करते."

झालं. पुढचा प्रश्नच नाही. चहा मात्र लवकर येतो, म्हणजे आम्ही लवकर उठावं. एका बाईनं तर कमाल केली. म्हणाली, "शेती तं ठीक हाये जी, पण करते काय?"

आता ह्याच्यावर माणसानं काय बोलावं! त्या दिवशी घरी आल्यावर गजूनं नवा शर्ट काढून खुंटीला लावला आणि हसून म्हणाला, "वहिनी, आता हा शर्ट मंडईलेच घालीन. पोरगी पाहाले नाई जात आता." तो हसला, पण मला ते हसणं बघवेना. आठ वर्षांपूर्वी मी ह्या घरात आले, तेव्हा हाच पोरगा मला सायकलवर बसवून बांधी, म्हणजे धानाची खाचरं, दाखवायला घेऊन गेला होता. ही बांधी आपली, तो कडेचा धुरा आपला, त्या तलावाचं पाणी आपल्याला.

मी तिथल्या तिथं सांगितलं, "भाऊजी, ह्या मंडईत तुमचं लग्न जमवलं नाही, तर नावाची सुनंदा नाही!"

गजू म्हणाला, "मंग नाव काय ठेवसान?"

त्याला चेष्टा सुचत होती, पण मी पेटले होते. मी एका लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटवर त्याचं नाव टाकलं. शेतकरी असं स्पष्ट लिहिलं, फोटो लावला, आणि कामाला लागले. पण ही वेबसाइट मिलच्या वेबसाइटची सख्खी बहीण निघाली! नाव टाका, पासवर्ड टाका, एक मुलगी पाहा, "पसंती" दाबा, निरोप लिहा, आणि दुसरी मुलगी पाहायला जावं तर पुन्हा नाव टाका. वर आणखी विचारायची, "तुम्ही माणूसच आहात ना?" (स्वयंपाक, मिल, बस आणि हे सगळं करता करता मलाच शंका यायला लागली होती.) आठवडाभर हातानं पसंत्या पाठवल्या. उत्तर एकही नाही. मी ठरवलं, आता जिल्ह्यातली एकही मुलगी सोडायची नाही. मॅक्रो लिहायचा!

आता मॅक्रो लिहिला म्हणजे तो आधी तपासून पाहावा लागतो. गजूच्या नावावर तपासणी करायला माझं मन होईना. पोराचं आधीच जमत नाही, त्यात काही उलटसुलट झालं तर? मग दुसरं कोणाचं नाव टाकायचं? ज्याची जन्मतारीख, उंची, रंग, नोकरी, सगळं मला तोंडपाठ आहे असा पुरुष जगात एकच. आमचे हे!

मी ह्यांच्या नावानं तपासणीपुरतं एक खातं उघडलं. "लग्न झालेलं आहे का?" असं विचारलं, तिथं "नाही" दाबलं, कारण "हो" दाबलं तर वेबसाइट पुढं जाऊ देईना. फोटो मागितला. ह्यांचे अलीकडचे फोटो म्हणजे सगळं कपाळच कपाळ. म्हणून आमच्या लग्नातला काढला, त्यात थोडे तरी केस होते. मुंडावळ्या बांधलेले, गालात हसणारे. शेजारी मी उभी होते, ती मला कापून टाकली. हात तेवढा ह्यांच्या खांद्यावर होता, तो निघेना. कापायला जावं तर ह्यांचा खांदाही जायचा! तो राहू दिला. हिरवा चुडा भरलेला, मनगटावर तुळशीचं गोंदण असलेला, बाकीची बाई नसलेला हात. तपासणीच तर होती, कोण पाहणार!

एक्सेलमध्ये मी दोन शीटं केली. एकावर ह्यांचं नाव आणि पासवर्ड, दुसऱ्यावर गजूचं. आणि मॅक्रोला लिहून दिलं, "जे शीट पहिलं असेल, त्याच्यावरचा माणूस घे." ह्यांचं शीट पुढं ठेवून तपासलं. मॅक्रोनं दार उघडल्यासारखी वेबसाइट उघडली. लगेच ह्यांचं शीट मागं ढकललं, गजूचं पुढं आणलं. सगळं तयार. आता फक्त बटण दाबायचं, तेवढ्यात सासूबाई चष्मा पुसत मागं येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय वो सुनंदा? गजूचं नाव पुढं अन् प्रमोदचं मांगं?"

"आई, हे कॉम्प्युटरचं काम आहे."

"कॉम्प्युटर कोणाच्या घरी हाये? आपल्याच नं? मोठा भाऊ असतानी लहान्याचं नाव पयले लिवते का कोणी? लग्नाची पत्रिका घे, राशनचं कार्ड घे. मोठ्याचं पयले!"

"अहो, पण ह्यात मानपान नसतो."

"मान कशात नसते? शुभ काम करून राहिली नं? मंग!"

त्यांचं बोलणं काही खोटं नव्हतं. आमच्या घरात नांगराला कुंकू लावतानाही मोठ्याचा हात आधी लागतो. शुभ काम, सासूचं मन कशाला दुखवा? मी ह्यांचं शीट बोटानं ओढून पुन्हा पुढं आणलं. सासूबाई समाधानानं देवघराकडं गेल्या, आणि मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

मॅक्रोला मी काय लिहून दिलं होतं, ते वाचणाऱ्यांच्या ध्यानात असेलच. माझ्या नव्हतं!

पसंतीसोबत जाणारा निरोप सासऱ्यांनी सांगितला होता. आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच, नाटक, आणि घराघरात पाहुणे. झाडीपट्टीतली निम्मी लग्नं मंडईतच जमतात, कारण तिथं "पोरगा पाहाले आलो" असं कोणाला म्हणावंच लागत नाही. "मंडईले आलो," एवढं पुरतं. जमलं तर सोयरीक, नाही जमलं तर मंडई तर झाली! आणि मंडईचं बोलावणं कोणी मोडत नाही. म्हणून निरोप असा: "आमच्या गावच्या मंडईस सहपरिवार यावे. त्या निमित्ताने चि. अमुक यांची भेट होईल." 'अमुक'च्या जागी नाव मॅक्रो आपलं आपण घालणार होता. मॅक्रोनं घातलंही. न चुकता, प्रत्येक ठिकाणी!

दुसऱ्या दिवशीपासून शीटवर हिरवे रकाने उगवू लागले. जिथून होकार येई, त्या नावापुढं मॅक्रो "होकार" लिहून हिरवा रंग भरायचा. हा! हा पण! हा पण! मला वेबसाइट उघडून किंवा शीटवरचं नाव वाचून पाहायची गरजच उरली नव्हती, ते काम मॅक्रोचं होतं. मी धावत गजूला सांगायला खळ्यात गेले.

गजू म्हणाला, "वहिनी, शेतकरी लिवलं हाये नं त्याच्यात?"

"लिहिलंय हो."

"नीट लिवलं? दिसन असं?"

"भाऊजी, ठळक अक्षरांत!"

त्यानं विळा बाजूला ठेवला आणि असा हसला की मला वाटलं, मॅक्रोच्या पाया पडावं. त्या संध्याकाळी त्यानं खुंटीवरचा शर्ट धुवायला टाकला.

संपर्काला मी सासऱ्यांचा फोन नंबर दिला होता, दोन्ही खात्यांना. ते येईल त्या फोनला एकच सांगत, "या, या, मंडईले या!" एक-दोघांनी विचारलं म्हणे, "पोरगा सरकारी नोकरीत हाये नं जी?" सासऱ्यांना वाटलं, लोक मोठ्या मुलाची चौकशी करताहेत. ती संधी त्यांनी आजवर कधी सोडली नाही. "हो तं! भंडाऱ्याले हाये!" असं अभिमानानं सांगून ते फोन ठेवत, आणि आम्हाला म्हणत, "लोकं मोठे चांगले भेटून राहिले यंदा."

मंडईचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा घाणा, रस्सा रटरटतोय, गजू इस्त्रीच्या शर्टात. सगळ्यांच्या आधी आले माझे सख्खे मामा, साकोलीकडचे. मी पाणी घेऊन गेले. मामांनी पाण्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मामा, पाणी घ्या नं."

"ह्या घरचं पाणी मी घेत नाई."

आमच्याकडं पाहुण्यानं पाणी नाकारलं म्हणजे संपलंच की हो!

"काहून मामा? काय झालं?"

"मलेच इचारते? तुह्या नवऱ्याले इचार! माह्या पल्लवीले पसंती पाठवते तो! बायकोच्या मामाच्या पोरीले! अन् वरून लिवते, मंडईस सहपरिवार यावे! आलो मी सहपरिवार. कुठं हाये तो?"

मामांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मुंडावळ्या. गालातलं हसू. खांद्यावर हात. "चि. प्रमोद यांची भेट होईल." मी तशीच कॉम्प्युटरकडं पळाले. पहिलं शीट उघडलं. ह्यांचं! आणि त्याखाली हिरवे, हिरवे, हिरवे रकाने! मागं गजूचं शीट. कोरं करकरीत. एक होकार नाही.

मामांचं सोडा, ते दोन शिव्या देतील आणि शांत होतील. पण गजूला काय सांगू? अंगणात तो पाहुण्यांसाठी सतरंजी झटकत होता, दोन दोनदा झटकत होता.

पण मी रडत बसणाऱ्यांतली नाही. मी ठरवलं, लोक तर येणारच आहेत. आले की त्यांना गजूच दाखवायचा! एकदा पोरगा डोळ्यांनी पाहिला की माणूस नोकरी विसरेल. त्यासाठी आधी ह्यांना नाहीसं करायला हवं होतं. हे आत वडे खात बसले होते.

"अहो, तुम्ही मागच्या दारानं जरा बाहेर जा."

"काहून?"

"तुमची स्थळं येऊन राहिली."

ह्यांच्या हातातला वडा हातातच राहिला. मी भराभर सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हे चिडतील, ओरडतील. हे उठले, आरशासमोर गेले, राहिलेले केस नीट केले आणि विचारलं, "लय आले का?"

"जाता का मागच्या दारानं!"

ह्यांना घालवलं आणि अंगणात आले. तोवर गाड्यांची रांग लागली होती. जीप, मोटारसायकली, एका घराण्यानं तर काळीपिवळी ठरवून आणलेली. पाहुणे मांडवात बसले, गजू वाकून वाकून वाढू लागला. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "घ्या, घ्या! आमचे गजू भाऊजी आग्रहाचे मोठे पक्के!"

एक जाडजूड गृहस्थ माझ्याकडं वाकले. "नवरदेव कुठं हायेत बाई?"

"हेच की. वाढून राहिले नं."

त्यांनी मोबाइल काढला, गजूकडं पाहिलं, पुन्हा मोबाइलकडं पाहिलं. "नाई जी. फोटोतल्याले केस कमी हायेत."

"फोटो जुना आहे," मी म्हटलं. (केस वाढून आले, असं मला सुचवायचं होतं. घाबरल्यावर माणूस काय बोलेल, काही भरवसा नाही!)

ते विचारात पडले, आणि तेवढ्यात भोंगा वाजवत एक जीप थेट मांडवापर्यंत आली. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर हात ठेवून बसलेले आमचे हे! मागून एक आजोबा आनंदानं ओरडत उतरले, "आमचे जवाईबापू पानठेल्यावर एकटेच उभे होते! म्या फोटोवरून बराब्बर ओयखलं! गाडीत बसवूनच आणलं!"

मांडवात एकच गलका झाला. ह्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. चहूबाजूंनी प्रश्न. कोणतं खातं? बदली होते का? पेन्शन जुनी का नवी? आणि हे बसलेत एकेकाला उत्तर देत! "बदली जिल्ह्यातच होते जी... नाई, सुट्टीच्या दिवशी नाई जा लागत..." मी डोळे वटारून पाहते तर माझ्याकडं बघतच नाहीत. आठ वर्षांत ह्या माणसाला इतक्या लोकांनी एका वेळी काही विचारलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरीही टाळकं सणकलं माझं! कोपऱ्यात मामा मांडी ठोकून बसले होते आणि दात-ओठ खात होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक मुलगी उभी राहिली. सावळी, उंच, ओढणी कमरेला खोचलेली. पवनीकडच्या आसगावहून वडिलांसोबत दोन एसट्या बदलून आली होती. नाव ममता, ते नंतर कळलं. तिनं मोबाइल वर धरला.

"एक इचारू का जी? फोटोतला हा हात कोणाचा हाये?"

प्रत्येकानं आपापला मोबाइल काढला. हात! अरे हो, हात!

"हिरवा चुडा हाये," ममता म्हणाली. "मनगटावर तुळशीचं गोंदण हाये. म्हणजे ह्या माणसाले बायको हाये, अन् तिले कापून फोटो लावला. माह्या बाबांले नोकरीवाला पाह्यजे म्हणून ते आले. मी आली ते ह्या बाईसाठी. कोणाले फसवून राहिले, ते पाहाले."

माझ्या त्याच हातात वड्यांचं ताट होतं. मी पदर ओढून मनगट झाकायला गेले, तर ताट कलंडायला लागलं. आणि सासूबाई! सासूबाई उठल्या, कौतुकानं म्हणाल्या, "ते गोंदण? ते तं आमच्या सुनंदाचं! तिच्या आजीनं गोंदून देल्लं. दाखव वो सुनंदा."

मी ताट खाली ठेवलं. हात वर केला. आता लपवून उपयोगही नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला लाजही वाटेनाशी झाली होती.

"हा माझाच हात आहे. हा माझाच नवरा आहे. माझ्या हातून चूक झाली, ह्यांचा काही दोष नाही. लग्नाचा आहे तो माझा देवर, गजू. मघापासून तुम्हाला वाढतोय तो. शेती करतो. पोरगा इतका चांगला आहे की मी त्याच्यासाठी जिल्हाभर पसंत्या पाठवल्या, पण नाव चुकलं. आता आलाच आहात तर त्याला पाहून जा. हात जोडते."

कोणीतरी हळूच म्हणालं, "शेतकरी हाये म्हणते." दुसऱ्यानं चप्पल शोधायला सुरुवात केली. "बरं मंग, निघतो जी. मंडई मस्त हाये तुमची." जीप गेली, काळीपिवळी गेली. जाडजूड गृहस्थांनी जाताना दोन वडे खिशात टाकलेले मी ह्या डोळ्यांनी पाहिले! गजू रश्श्याची बादली हातात घेऊन मांडवाच्या मधोमध उभा होता. त्याला ठळक अक्षरं आठवत असणार. माझे डोळे भरून आले. वाटलं, हा कॉम्प्युटर उचलून तलावात फेकावा, आणि मागोमाग मीही जावं.

ममता मात्र गेली नव्हती. ती बादलीत डोकावली आणि गजूला म्हणाली, "रस्सा वाढसान का नाई? दोन एसट्या बदलून आलो आम्ही."

गजूनं घाईघाईनं वाढलं.

"धान कापून झाला?" तिनं विचारलं.

"हलका झाला. भारी उभा हाये." (हलका म्हणजे लवकर निघणारा धान, भारी म्हणजे उशिरा.)

"भारी उभा हाये अन् तुमी अथी बादली घेऊन फिरून राहिले?"

"वहिनीनं शब्द देल्ला होता," गजू म्हणाला. "तिचा शब्द राहाले पाह्यजे म्हणून आलो. उद्या पहाटपासून कापतो."

"एकटे?"

"बाया भेटत नाई कापाले."

"आमच्या अथी बी नाई भेटत. म्या मशीन आणली भाड्यानं. तुमच्या बांधीत जाते का मशीन? का चिखल हाये अजून?"

"खालच्या दोन बांध्यांत चिखल हाये. वरच्यांत जाईन."

आणि मग ते दोघं बांधी, चिखल, मशीन, धानावरचा तुडतुडा असं जे बोलत सुटले, ते थांबेचनात! आम्ही सगळे खांबासारखे उभे. ममताचे वडील घसा खाकरून म्हणाले, "बाई, चाल नं. गाडी भेटणार नाई मंग. अन् पोरगा शेतकरी हाये म्हणते."

ममता वळली. "बाबा, तुमची कोणती नोकरी होती?"

"माही? माही कायची नोकरी?"

"मंग आईनं कायले केलं तुमच्याशी?"

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "वडा आन गा बापू अजून एक." आमच्याकडं माणूस शेवटची एसटी सोडून वडा मागतो, तेव्हा पुढचं बोलायची गरज नसते. सासऱ्यांनी तिथंच त्यांना मिठी मारली.

मी मामांजवळ गेले. पेला पुढं केला. मामा माझ्याकडं, मग ह्यांच्याकडं, मग माझ्या गोंदणाकडं पाहत राहिले. शेवटी हसू दाबत म्हणाले, "आन इकडं. तहानेनं जीव चाल्ला माहा सकायपासून."

गजू आणि ममताच्या लग्नाची उन्हाळ्याच्या तोंडावरची तारीख ठरली. पत्रिकेत मोठ्याचं नाव आधी, ते सासूबाईंनी स्वतः तपासलं. राहता राहिलं ह्यांचं ते खातं. ते मिटवायला हवं होतं. हातानं दोन मिनिटांचं काम होतं, पण दोन मिनिटांच्या कामासाठी पुन्हा नाव टाका, पासवर्ड टाका? मी काय हार मानणारी! त्याच्यासाठीही मॅक्रो लिहिला. वेबसाइट विचारते, "खाते का बंद करत आहात?" खाली कारणांची यादी. मी मॅक्रोला लिहून दिलं, "जे कारण पहिलं असेल, ते घे." आणि बटण दाबलं.

पहिलं कारण होतं, "माझे लग्न ठरले!"

वेबसाइटला इतका आनंद झाला की ज्यांना ज्यांना आम्ही पसंती पाठवली होती, त्या सगळ्यांना तिनं आपणहून शुभवार्ता कळवली. फुलांची चौकट, मधोमध आमचे हे, खाली "चि. प्रमोद यांचे लग्न ठरले." ती वाचून हे शांतपणे म्हणाले, "दोन खेप लग्न ठरलं माहं. पयल्या खेपेले बाबांनी ठरवलं, दुसऱ्या खेपेले तू. मले कोणीच इचारलं नाई."

तेवढ्यात मामांचा फोन आला.

"सुनंदा, जवाईबापूचं जमलं म्हणते. पोरगी कोणती हाये वो?"

"मामा, फोटोत हात दिसून राहिला नं? तीच."

"हात तं दिसते. पण बाकीची बाई कुठं हाये?"

"कॉम्प्युटरसमोर बसली हाये मामा! तिथून उठली असती, तं एवढं कायले झालं असतं?"